ठेक्यावरची गोष्ट आणि खान्देशाचा आवाज

रॅप म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात: तोंडाचा वेग आणि आवाजातला राग. हे चित्र खोटं नाही, पण फार अपुरं आहे. गेल्या पन्नास वर्षांत रॅपने जगाला जे खरोखर टिकाऊ असं काही दिलं, त्यात ठेक्यावर सांगितलेल्या गोष्टीचा मान मोठा आहे. तीन-चार मिनिटांत एखादं आयुष्य उभं करायचं, त्यात माणसं आणायची, त्यांना बोलतं करायचं, प्रसंग घडवायचा आणि ऐकणाऱ्याला थेट त्या गल्लीत नेऊन सोडायचं, हे काम रॅपमधले उत्तम कलावंत सातत्याने करत आले आहेत. अशी गोष्ट कशाच्या बळावर उभी राहते? माझ्या मते दोन गोष्टींच्या: एक म्हणजे ठेका, आणि दुसरी म्हणजे ‘कोण बोलतंय’ हे पक्कं ठरलेलं असणं. वेग, राग, भपका हे सगळं त्यानंतर येतं, आलंच तर. आणि ही दोन्ही बळं खान्देशात, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या मुलखात, रॅपचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत. म्हणून अहिराणीत आणि खान्देशातल्या इतर बोलींत गोष्ट सांगणारा रॅप घडला, तर तो उसना वाटण्याचं काहीच कारण नाही. उलट तो तिथे आधीच असलेल्या एका सवयीचा पुढचा टप्पा ठरेल.

आधी रॅपचा इतिहास थोडक्यात पाहू. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टीत गाणी वाजवली, आणि गाण्यांतला नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हा दिवस मानला जातो. सुरुवातीची काही वर्षं त्या ठेक्यावर बोलणारी मंडळी लोकांना नाचवत होती, स्वतःची तारीफ करत होती, समोरच्याला चिडवत होती. 1982 मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं ‘द मेसेज’ आलं आणि चित्र बदललं. मोडकळीला आलेल्या वस्तीतली दृश्यं एकामागून एक समोर येतात, आणि शेवटच्या कडव्यात एका मुलाचा जन्मापासून तुरुंगातल्या मृत्यूपर्यंतचा प्रवास येतो. 1988 मध्ये स्लिक रिकने ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ रचली. एक काका झोपायला निघालेल्या मुलांना गोष्ट सांगतोय, एवढीच चौकट. पण गोष्ट आहे लुटालुटीच्या नादाला लागून पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्या पोराची. 1996 मध्ये नॅस या कलावंताने ‘आय गेव्ह यू पॉवर’मध्ये चक्क एका बंदुकीला बोलतं केलं, आणि 2001 मध्ये ‘रिवाइंड’मध्ये गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली. एमिनेमच्या 2000 सालच्या ‘स्टॅन’मध्ये पहिली तीन कडवी एका वेड्या चाहत्याची आहेत आणि चौथं त्याला फार उशिरा लिहिलेलं उत्तर. या सगळ्या रचना एकमेकींपासून वेगळ्या आहेत, पण एका बाबतीत त्या सारख्याच आहेत. प्रत्येक ठिकाणी कलावंताने आधी एक निर्णय घेतला आहे: बोलणारा कोण, तो कुठे उभा आहे, आणि कुणाशी बोलतोय. बंदूक बोलते तेव्हा हिंसेवरचं प्रवचन करावं लागत नाही. काका मुलांना सांगतो तेव्हा तात्पर्य वेगळं जोडावं लागत नाही. बोलणारा नीट निवडला, की अर्थ आपोआप त्याच्या मागे चालत येतो.

आता ठेका. रॅपमधलं एक कडवं साधारणपणे 16 बारचं असतं. एका बारमध्ये चार ठोके. मिनिटाला 90 ठोक्यांची चाल धरली, तर 64 ठोके संपायला जेमतेम 43 सेकंद लागतात. एवढ्यात पात्र, प्रसंग आणि कलाटणी बसवायची. त्यामुळे ‘त्या वेळी तिथे असं झालं की’ अशा पसरट वाक्यांना जागाच राहत नाही. विशेषणं गळतात, नावं आणि क्रियापदं उरतात. ठेका हा असा कडक संपादक आहे. शिवाय तो ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार करतो: यमक कुठे पडणार हे कान आधीच ओळखतो, आणि कलावंत त्या जागी नेमका शब्द टाकतो किंवा मुद्दाम चुकवतो. गोष्टीतली उत्कंठा आणि ठेक्यातली उत्कंठा एकमेकींना बांधली जातात. एखाद्या मुलाच्या हातून पिस्तूल पडलं हे सांगताना ठोकाही त्याच क्षणी गळून पडला, तर ते वर्णन उरत नाही, ती घटना होते. छापील कथेला हे साधन नाही. ते फक्त मौखिक कथेकडे आहे.

मौखिक कथेच्या या व्यवहाराशी खान्देशाची ओळख जुनी आहे. जळगावजवळच्या असोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लेवा गणबोलीत त्या शेतात आणि जात्यावर गाणी रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव यांनी जपून ठेवलेली ती गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. आपण त्यांना सुभाषितांच्या कवयित्री म्हणून वाचतो, त्यांच्या ओळी फळ्यावर लिहितो. पण त्यांची बांधणी पाहिली, तर ती सांगणाऱ्याची आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतातली कामं ज्या क्रमाने होतात त्या क्रमाने येतात, आणि प्रत्येक कामाला त्याची हालचाल व आवाज मिळतो. ‘योगी आणि सासुरवाशीण’ ही रचना तर उघडच संवादाची आहे: माहेराचं गाणं म्हणणाऱ्या सासुरवाशिणीला योगी हटकतो आणि ती त्याला उत्तर देते. एका गाण्यात दोन आवाज, एक प्रश्न, एक प्रतिवाद आणि शेवटी ऐकणाऱ्याची बाजू बदलून टाकणारं उत्तर. कथात्म रॅपला लागणारं सगळं सामान इथे आहे. आणि मोजून पाहावं अशी एक गोष्ट आणखी आहे. ओवीच्या वळणाचा चरण बहुधा 8 अक्षरांचा असतो. रॅपच्या एका बारमधल्या चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग केले, तर 16 घरं होतात. म्हणजे दोन चरण एका बारमध्ये नेमके बसतात. एका बारमध्ये एकच चरण टाकला तर गोष्ट संथ चालीने जाते, दोन टाकले तर ती धावते. जात्याच्या फेऱ्यावर घडलेली लय आणि ब्रॉंक्सच्या तबकडीवर घडलेली लय यांचा एकमेकींशी वंशाचा संबंध नाही. पण दोन्हींना माणसाच्या श्वासाची आणि जिभेची तीच मर्यादा आहे, म्हणून त्यांचं गणित जुळतं.

बहिणाबाई एकट्या नव्हत्या. खान्देशात डफाच्या साथीने कथा गाणारी ‘वही’ ही परंपरा आहे. कानबाईच्या उत्सवात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यांवर बायका गाणी म्हणतात, त्यांतही सासर-माहेराच्या बारीक बारीक गोष्टी असतात. साक्रीच्या पश्चिम भागातल्या कोकणी आदिवासींमध्ये थाळीवरची कथा आहे: पितळी थाळीला मेणाने उभी चिकटवलेली काडी, तिच्यावरून बोटं सरकवली की निघणारा अखंड घुमारा, आणि त्या घुमाऱ्यावर कथेकऱ्याने सांगितलेली देवांची आणि धान्याची कथा. एकच सूर, एकच पुनरावृत्ती आणि तिच्यावर माणसाचा बोलता आवाज, ही रचना आजच्या बीटच्या किती जवळची आहे! त्याच्या जोडीला खान्देशी तमाशा आहे, वगातला सोंगाड्या आहे. एकच माणूस पाटील होतो, लगेच त्याचा गडी होतो, पुन्हा स्वतः होऊन प्रेक्षकांशी बोलतो. स्लिक रिक आवाज बदलून जे करतो, तेच हे काम आहे. लिहिणाऱ्यांच्या बाजूनेही या मुलखात बोललेल्या शब्दाचा मान मोठा आहे. विनोबांची गीता-प्रवचनं 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात सहकैद्यांपुढे बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या त्याच साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही रोज रात्री मित्रांना सांगितलेली गोष्ट म्हणूनच रचलेली आहे. प्रकरणांना तिथे ‘रात्र’ म्हटलं आहे, यातच सगळं आलं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हे सगळं आधीच असेल, तर रॅपची गरज काय? पोवाडा आहे ना! पोवाड्याचं आणि रॅपचं साम्य खरंच डोळ्यांत भरण्यासारखं आहे. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा सतराव्या शतकातला. डफ आणि तुणतुण्याचा ठेका, झीलकऱ्यांचा मागून येणारा ‘जी जी’चा गजर, आणि शेवटी शाहिराने स्वतःचं नाव गुंफणं, या तिन्ही गोष्टींची जुळी भावंडं रॅपमध्ये सापडतात. रॅपरच्या मागे आवाज देणारा साथीदार असतो, आणि रॅपरही कडव्यात आपलं नाव टाकल्याशिवाय राहत नाही. एकमेकांना आव्हान देणारी रॅपची चढाओढ म्हटली, तर आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आहेतच. तरीही पोवाडा आणि रॅप एक नव्हेत. पोवाड्याचा शाहीर प्रसंगाच्या बाहेर उभा असतो. तो थोरांची कृत्यं सांगतो, साक्ष देतो, गौरव करतो. रॅपचा कथेकरी बहुधा प्रसंगाच्या आत असतो. तो पराक्रमी नसतो, पुष्कळदा चुकलेला, हरलेला, फसलेला असतो, आणि ‘मी’ म्हणून बोलतो. ‘थोरांची गोष्ट तो सांगतो’ आणि ‘माझी गोष्ट मी सांगतो’ यांतलं अंतर लहान नाही. मराठीत हे अंतर कापण्याची वाट अण्णा भाऊ साठे यांनी दाखवली. ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. पण ती उभी आहे बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या एका साध्या कामगाराच्या ‘मी’वर. राजकारण त्या माणसाच्या विरहातून आत येतं. म्हणून पोवाड्याने रॅपची जागा भरून निघत नाही. फार तर असं म्हणता येईल की शाहिरीने ठेका आणि झील तयार करून ठेवली, आणि अण्णा भाऊंनी त्यात सामान्य माणसाचा ‘मी’ बसवला. पुढचं काम बाकी आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांची कला खान्देशातल्या पोरांनी का उचलावी? याचं उत्तर मुंबईने आधीच दिलं आहे. डिवाइन आणि नेझी या रॅपरांचं ‘मेरे गली में’ 2015 मध्ये आलं, 2019 मध्ये ‘गल्ली बॉय’ या चित्रपटाने ती लाट घराघरांत नेली. मुंबईतल्या पोरांनी पोशाख उचलला असेल, हातवारे उचलले असतील, पण गाण्यात गल्ली, नळ, पोलीस, लोकल हे सगळं स्वतःचं आणलं. मराठीपुरतं पाहायचं तर स्वदेशी या मुंबईच्या समूहाने 2019 मध्ये आरेच्या जंगलातल्या आदिवासी प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. तिथे रॅप आणि वारलींचा आवाज शेजारी उभे आहेत आणि कुणी कुणाला पाहुणा वाटत नाही. कलेची साधनं नेहमीच प्रवास करत आली आहेत. हार्मोनियम युरोपातून आला आणि कीर्तनात बसला, क्लॅरिओनेट बँडमधून आला आणि वरातीत बसला. उसनेपणा साधनात नसतो. दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून सांगितला, की उसनेपणा येतो. जळगावच्या पोराने ब्रॉंक्सच्या टोळीयुद्धाबद्दल बोलणं उसनं. त्याने हतनूर धरणाच्या दारांबद्दल, वादळाने एका रात्रीत आडव्या झालेल्या रावेर-यावलच्या केळीबागांबद्दल बोलणं उसनं कसं असेल?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांत जोरदार आहे. लोकांना गोष्ट नको, नाचायला हवं. यूट्यूबवरची खान्देशी गाणी पाहा, ‘केसावर फुगे’सारखं अहिराणी गाणं महाराष्ट्रभर वरातींत वाजलं, त्यात गोष्ट कुठे आहे? जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये देशभर पोचलं, तेही लग्नात आणि रील्सवर. हे यश मोठं आहे आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण जरा कान देऊन ऐकलं तर दिसतं की या गाण्यांच्या मुळाशीसुद्धा एक लहानसा प्रसंग आहे. ‘गुलाबी साडी’त बोलणारी बाई आहे. नटूनथटून ती आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते. बोलणारी ठरली आहे, ऐकणारा ठरला आहे, प्रसंग ठरला आहे. रचणारा पुरुष आहे आणि ‘मी’ बाईचा आहे, म्हणजे आवाज बदलण्याची कलाही तिथे आहे. लोकांनी हे गाणं उचललं ते नुसत्या चालीमुळे नाही. त्या एका घरगुती प्रसंगात लाखो जोडप्यांना स्वतःला पाहता आलं, म्हणून उचललं. गोष्ट लोकांना नको, हे म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. लोकांना लांबण नको, उपदेश नको. प्रसंग मात्र हवाच असतो. आता एवढंच करायचं आहे की तो प्रसंग एका फोटोवर थांबू द्यायचा नाही, पुढे न्यायचा. चाल तीच, ठेका तोच, पण दुसऱ्या कडव्यात त्या बाईच्या आयुष्यात काहीतरी घडायला हवं.

आता भाषेकडे येऊ, कारण खान्देशातल्या रॅपची खरी अडचण आणि खरी ताकद तिथेच आहे. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशीची, म्हणजे मुख्यतः अहिराणीची, नोंद मराठीच्या खंडात नाही. 1907 च्या भागात ती भिल्ल बोलींबरोबर, गुजरातीच्या शेजारी बसवली आहे. 2011 च्या जनगणनेतही खान्देशीची नोंद स्वतंत्र आहे आणि ती बोलणाऱ्यांचा आकडा 18 लाखांच्या वर जातो. तिचं व्याकरण आणि तिचे शब्दकोश यांवर रमेश सूर्यवंशी, सुधीर देवरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कष्ट घेतले आहेत. तरीही शाळेत, कचेरीत आणि रंगमंचावर अहिराणीच्या वाट्याला मुख्यतः विनोद आला. अहिराणी बोलणारं पात्र आलं की ते हसवायला आलं, हे प्रेक्षकांनी गृहीत धरलं. मग अहिराणी बोलणारी मुलंही दुःख सांगायची वेळ आली की प्रमाण मराठीत किंवा हिंदीत शिरतात. गोष्ट सांगणाऱ्या रॅपला यापेक्षा मोठा अडसर नाही, कारण ‘मी’ बोलतोय म्हणायचं आणि स्वतःच्या जिभेवरची भाषा टाकून द्यायची, हे एकत्र जमत नाही. ऐकणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत कळतं की हा ‘मी’ बेगडी आहे.

ध्वनीच्या दृष्टीने पाहिलं तर अहिराणी रॅपला फार सोयीची आहे, आणि त्या सोयीतच एक सापळाही आहे. ‘बाप देखी ऱ्हायना, आंडोर जाई ऱ्हायना, माय रडी ऱ्हायनी’ अशी चालू वर्तमानकाळाची वाक्यं जवळजवळ एकाच ध्वनीवर संपतात. ‘वावरमा’, ‘गावमा’, ‘घरमा’ ही रूपं, ‘माले’, ‘तुले’, ‘बापले’ ही रूपं, सगळी आपोआप जुळतात. नवशिक्याला वाटतं, यमक फुकट मिळालं. पण फुकटचं यमक कानाला दोन ओळींतच कंटाळवाणं होतं, कारण तिथे जुळतो तो नुसता प्रत्यय, शब्द जुळतच नाही. कसदार कलावंत अशा वेळी प्रत्ययाला ठोक्यासारखा वापरेल, म्हणजे ‘ऱ्हायना’ दर बारच्या शेवटी नियमाने पडू देईल, आणि खरं यमक त्याच्या आधीच्या धातूत आणि ओळीच्या पोटात ठेवेल. शिवाय ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो, आणि प्रमाण मराठीत ज्या जोड्या जमत नाहीत त्या इथे जमतात. ‘आहे’ऐवजी ‘शे’ हा एकाक्षरी शब्द ओळीचा शेवट घट्ट करतो. आणि ही चालू वर्तमानकाळाची आवड कथेला फार उपकारक आहे. ‘बाप गेला’ म्हटलं की गोष्ट संपलेली असते, ‘बाप जाई ऱ्हायना’ म्हटलं की तो अजून डोळ्यांसमोर चालतो आहे. रॅपची गोष्ट अशी डोळ्यांसमोरच घडावी लागते.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा भाषेत गोष्ट सांगितली तर ऐकणार किती? ब्रॉंक्स, क्वीन्स, कॉम्प्टन या वस्त्यांची बोली बाकीच्या अमेरिकेला तरी कुठे सवयीची होती? नॅसने आपल्या क्वीन्सब्रिजच्या घरकुलांची नावं घेतली, ती ठिकाणं कधी न पाहिलेल्या माणसांनीही ती ऐकली. नेमकेपणाने माणूस दूर जात नाही, जवळ येतो. आणि अहिराणीचा श्रोता जळगाव-धुळ्यातच बसलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या खान्देशातली माणसं कामाच्या शोधात सुरतेला गेली. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. कापसाच्या भावाची, वाटणीत तुकडा झालेल्या शेताची, मागावर गेलेल्या पोराची गोष्ट दोन राज्यांत विखुरलेल्या एका मोठ्या समाजाची आहे, आणि ती फार थोडी लिहिली गेली आहे.

ही गोष्ट रॅपमध्ये कशी बसेल, हे थोडं जवळून पाहू. समजा अमळनेर तालुक्यातला एक मुलगा उधन्याला कामाला निघाला आहे. भुसावळ-सुरत मार्गावर अमळनेरनंतर नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्टेशनं येतात आणि मग गुजरात सुरू होतो. कथेचा सांगाडा इथे तयारच आहे. पहिलं कडवं अमळनेर ते दोंडाईचा: अजून सगळं ओळखीचं आहे, डब्यात अहिराणीच चालू आहे, मुलगा आपण का निघालो याबद्दल शेजाऱ्याला खोटं सांगतो. मधलं ध्रुवपद आईच्या आवाजात: डबा खाल्ला का, पोचल्यावर फोन कर, एवढंच, दर वेळी तेच शब्द. दुसरं कडवं नंदुरबार ते नवापूर: डब्यातली भाषा बदलायला लागते, आणि शेजाऱ्याला सांगितलेलं खोटं सावरताना खरं कारण, कर्जाचं किंवा भांडणाचं, तोंडून निसटतं. तिसरं कडवं उधन्याचं: पहिली पाळी, मागाचा खडखडाट. इथे बीटच मागाचा आवाज होऊ शकते. आणि आता आईचं ध्रुवपद तेच शब्द घेऊन येतं, पण ऐकणाऱ्याला ते वेगळं ऐकू येतं, कारण मधल्या वेळात त्याला मुलाचं गुपित कळलेलं आहे आणि आईला नाही. सरकारवर एक शब्द नाही, शेतीच्या संकटावर भाषण नाही, तरी सगळं आलं. हे साधलं ते वेगाने नाही. कोण बोलतंय आणि कोणाला काय माहीत आहे, हे आधी ठरवलं म्हणून साधलं.

शेवटचा आक्षेप धोक्याचा आहे. ‘मी’ म्हणून बोललं की अंगावर येतं. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या महाराष्ट्रातल्या दोन रॅपरांवर राजकीय टीका करणाऱ्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. अमेरिकेत रॅपच्या ओळी न्यायालयात पुरावा म्हणून वापरल्या गेल्या, आणि त्याला आवर घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायदा केला. कादंबरीतला खुनी म्हणजे लेखक नव्हे हे सगळ्यांना कळतं, रॅपमधला ‘मी’ मात्र थेट गायकाच्या गळ्यात बांधला जातो. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. थेट टीका करण्याचा हक्क कथेहून कमी महत्त्वाचा नाही, तो कलावंताला असलाच पाहिजे. पण ऐकणाऱ्या समाजालाही एक शिक्षण हवं: ठेक्यावर बोलणारा ‘मी’ हा पात्र असू शकतो, ही समज. ज्या समाजाने सोंगाड्याचा पाटील पाहून त्याला खरा पाटील समजण्याची चूक कधी केली नाही, त्याला ही समज नव्याने शिकवावी लागणार नाही, फक्त तिची आठवण करून द्यावी लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाईंचं नाव आहे. निरक्षर बाईच्या तोंडच्या शब्दाला दिलेला हा मान नुसता पाटीवर राहू नये. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात, महाविद्यालयांच्या गॅदरिंगांत, धुळे-जळगावच्या गणेश मंडळांच्या स्पर्धांत कथात्म रॅपला स्वतंत्र जागा मिळावी. विषय द्यायची गरज नाही, दोन अटी पुरेत: भाषा स्पर्धकाच्या घरची असावी, अहिराणी असो, लेवा गणबोली असो, भिलोरी, पावरी वा तांड्यावरची गोरमाटी, आणि तीन मिनिटांत एका माणसाचं काहीतरी घडलेलं ऐकू यावं. परीक्षकांत एक वही गाणारा असावा आणि एक रॅप करणारा. अहिराणीच्या अभ्यासकांनी जमवलेले शब्दसंग्रह या मुलांच्या हातात पडावेत, आणि मुलांनी आजीच्या आखाजीच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण फोनवर करून त्यातली लय मोजून पाहावी. पहिल्या वर्षी त्यातलं पुष्कळसं कच्चं असेल, नुसती नक्कलही असेल. पण अहिराणीतून गंभीर गोष्ट सांगता येते आणि ऐकली जाते, हे एकदा शंभर पोरापोरींना सभागृहात बसून समजलं, की हसवण्यापुरती वापरली जाणारी ही भाषा पुन्हा पूर्ण माणसाची भाषा होईल. रॅपने खान्देशासाठी करण्यासारखं यापेक्षा मोठं काम मला दिसत नाही.